येशूची आत्या

आमच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीनंतर झोपेचा तास असे. वेळापत्रकात त्याला 'मूल्यशिक्षण' असं भारदस्त नाव होतं, पण त्या तासाला आम्ही मूल्यांच्या वाटेला कधी गेलो नाही. व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल पडला, की चारही वर्गांनी बाकांवर डोकी टेकायची आणि डोळे मिटायचे. मग मुख्याध्यापिका सिस्टर चपला काढून अनवाणी पावलांनी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहत. कमरेच्या जपमाळेचे मणी एकमेकांवर आपटत, तेवढाच काय तो आवाज. बाहेर कडुनिंबावर होले घुमत, लांब मेहकरच्या रस्त्यावरून एखादी एसटी जाई, आणि आम्ही खरोखरच झोपून जात असू.

तास संपला की सिस्टर कुठल्या तरी एका वर्गात येऊन हजेरी घ्यावी तशी स्वप्नं विचारत. 'नाही पडलं' हे उत्तर चालत नसे.

"नाई पडलं तं आता पाड," असं म्हणून त्या खुशाल वाट बघत उभ्या राहत.

त्यामुळे आम्ही सगळे स्वप्नं पाडण्यात तरबेज झालो. एका मुलाने शेगावच्या स्टेशनावर एकदाच आगगाडी पाहिली होती, तो वर्षभर तीच गाडी वेगवेगळ्या गावांना नेत असे. मी एकदा सांगितलं, की लोणारचं सरोवर उठून आपल्या शाळेच्या मैदानात येऊन बसलंय आणि आपण सगळे त्याच्या काठाकाठाने वर्गात जातोय. खरं तर ते मी उभ्या उभ्या रचलं होतं. सिस्टरांनी डोळे बारीक करून बराच विचार केला.

"पानी कोन्या रंगाचं होतं?"

"हिरवं."

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. पुढे मी बऱ्याच परीक्षा दिल्या, पण इतकं पास झाल्यासारखं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, डोणगावच्या बाजूचं. ख्रिस्ती घर गावात एकही नव्हतं. शाळेत यायची ती सगळी आमच्यासारखी, भाजीपाला पिकवणाऱ्यांची, दुकानदारांची, कास्तकारांची मुलं. गाव शाळेला 'सिस्टरची शाळा' म्हणे आणि सिस्टरांना 'सिस्टरबाई'. त्या केरळातून आलेल्या. गावात आल्या तेव्हा त्यांना मराठीचा गंध नव्हता. शाळा झाडणाऱ्या मावशींकडून त्या मराठी शिकल्या, त्यामुळे पुस्तकातली मराठी त्यांच्या वाटेला कधी आलीच नाही. 'बे' हा त्यांच्या लेखी आदराचा शब्द असावा, कारण तो त्या मुलांना, फुलपाखरांना आणि तपासणीला आलेल्या साहेबांना सारखाच लावत. पुण्याहून बदलून आलेले एक साहेब "बसा बे साहेब, चहा घ्या" हे ऐकून खुर्चीच्या काठावरच बसले आणि चहा संपेपर्यंत तसेच बसून राहिले.

शरीराने एवढ्याशा, करड्या रंगाची साडी, आणि बाराही महिने काळी छत्री. ऊन नसलं आणि पाऊस नसला तरी छत्री उघडलेली. कोणी कारण विचारलं तर म्हणत, वरून देव पाहून राह्यला, त्याच्यासमोर जरा लाज नको? स्वतःचा डबा त्या शाळेत कधी खात नसत. रोज एका रांगेत मांडी घालून बसत आणि प्रत्येकाच्या डब्यातला एकेक घास घेत. त्या घासावरून त्यांना घराची सगळी खबर कळे. कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाची आई माहेरी गेलीय, कोणाच्या घरी काल भांडण झालं. भांडणाच्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडतं, असा त्यांचा अनुभव होता आणि तो आमच्या घराला तरी तंतोतंत लागू पडे.

झोपेच्या तासावर गावात कुरकुर होतीच. लेकरं घरी झोपतातच की, मग शाळा कशाला, असं विचारायला माझे बाबा एकदा तावातावाने शाळेत गेले. तेव्हा नेमका तास चालू होता. सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. त्या दिवसांत लाइट रात्रीच यायची, त्यामुळे बाबा रात्रभर मळ्यात वांग्यांना पाणी देत. टोल पडला तेव्हा त्यांना बाकावरून हलवून उठवावं लागलं. सिस्टरांनी त्यांनाही स्वप्न विचारलं, आणि आश्चर्य म्हणजे बाबांनी सांगितलं. दिवसाढवळ्या मोटर चालू झाली होती म्हणे, आणि पाटातून पाणी आपलं आपण चाललं होतं. भांडायचं राहूनच गेलं. नंतर बाजाराला जाता-येता ते कधीमधी त्या बाकावर टेकू लागले.

एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून हट्ट धरला, की आज सिस्टरांनी त्यांचं स्वप्न सांगायचं. त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या. त्यांचं स्वप्न म्हणे एकच होतं, लहानपणापासूनचं. पाणीच पाणी, दोन्ही काठांना नारळाची झाडं, आणि त्या एका होडीत बसलेल्या. मागच्या काठावरून कोणीतरी त्यांना नावाने हाक मारतंय.

"कोन हाक मारते?" आम्ही विचारलं.

"काय माहीत बे. वळून पाहाले गेली का जाग येते."

"अन् नाव कोनतं घेते?"

"माह्यं पयलंचं नाव. घरचं. सिस्टर झाली तं दुसरं नाव भेटलं."

ते पहिलं नाव काय, हे आम्हाला कळायलाच हवं होतं. आम्ही अंदाजाने नावं घेत सुटलो. मीनाक्षी, पार्वती, एकाने तर शांताबाई. त्या हसत हसत मान हलवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ते नाव मी तिकडंच ठेऊन आली," आणि छत्री उघडून बाहेर निघून गेल्या. त्यानंतर आम्ही किती वेळा विचारलं, पण त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

आता बारशाची गोष्ट सांगतो. माझी बायको जालन्याकडची, तिला ही मी बनवून सांगतो असं बरीच वर्षं वाटत असे.

मी दुसरीत असताना सिस्टरांनी नाताळात शाळेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा गव्हाणी, म्हणजे प्लॅस्टरच्या मूर्तींचा येशूजन्माचा देखावा, मांडली. कडबा आमच्याच मळ्यातला होता. सगळ्या मुलांना सांगितलं, घरी सांगा, बाळ जन्मलं आहे, पाहायला या. मुलांनी घरी तसंच सांगितलं, आणि गावातल्या बाया ते तसंच समजल्या. बाळ जन्मलं म्हणजे पुढे काय करायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी त्या आल्या आणि थंडीत उघड्या कानांनी बसलेली मरिया बघून हळहळल्या. ओल्या बाळंतिणीच्या कानाला वारा लागू देतात का कुठे? माझ्या आईने स्वतःच्या डोक्यावरचा लोकरी स्कार्फ सोडून त्या मूर्तीच्या डोक्याला घट्ट बांधला. दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू आले, तिसऱ्या दिवशी शेगडी आली. कोणीतरी बाळाच्या गालावर काजळाची तीट लावली. ती प्लॅस्टरमध्ये अशी मुरली, की पुढे कितीही पुसली तरी गेली नाही.

आणि बाराव्या दिवशी सगळ्या जणी पाळणा घेऊन आल्या. सोबत घुगऱ्या, खणा-नारळाची ओटी, आणि बाळाच्या आधी पाळण्यात निजवायला टोपडं घातलेला वरवंटा. सिस्टर दारात उभ्या राहून बघत राहिल्या. बाळाचं नाव तर आधीच ठरलंय, देवदूतानेच सांगितलंय, असं त्यांनी समजावून पाहिलं. आईला ते मुळीच पटलं नाही.

"देवदूत बाप्यामानूस," आई म्हणाली. "त्यानं सांगतलेलं कसं चालन? कानात नाव आत्याच सांगते."

पण इथे आत्या कोण? बाळाच्या बापाला, जोसेफला, बहीण होती की नाही, हे सिस्टरांनाही ठाऊक नव्हतं. बाया विचारात पडल्या. मग आईनेच तोडगा काढला.

"तुमचं लगन नाई झालं नं, सिस्टरबाई? म्हंजे तुमी या घरच्या लेकच. तो जोसेफबी याच घरचा. मंग आत्या तुमीच."

सिस्टरांनी छत्री मिटून भिंतीला टेकवली. दोघी जणींनी बाळ पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात दिलं आणि मग आत निजवलं. कृष्णाच्या पाळण्यात जिथे जिथे यशोदा येते तिथे तिथे मरियेचं नाव घालून बाया गाऊ लागल्या. सिस्टर वाकल्या, त्या प्लॅस्टरच्या कानात त्यांनी 'कुर्र्र' केलं आणि नाव सांगितलं. सांगितलं रे सांगितलं की रिवाजाप्रमाणे बायांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. आम्ही पोरं श्वास रोखून बघत होतो. आमच्या मुख्याध्यापिकेला मार बसत होता, आणि सगळ्यांत जोरात माझी आई मारत होती.

सिस्टर उठल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. आई घाबरली, तिला वाटलं आपला हात जड पडला. सिस्टरांनी तिचा हात धरून ठेवला.

"माह्या भावाले दोन पोरी झाल्या," त्या म्हणाल्या. "मी अजून पाह्यल्याबी नाई."

आईने पदराने सिस्टरांचं तोंड पुसलं आणि त्यांच्या हातावर मूठभर घुगऱ्या ठेवल्या. त्या दिवसापासून आमच्या घरी कुठलाही सण सिस्टरांवाचून झाला नाही.

मग दर वर्षी बारसं होऊ लागलं. तिसऱ्या नाताळात मात्र त्यांच्या संस्थेच्या मोठ्या मदर पाहणीला आल्या आणि नेमक्या बाराव्या दिवशी हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या. उंच, चष्मा लावलेल्या, चेहऱ्यावर हसू नाही. त्यांनी स्कार्फ बांधलेली मरिया पाहिली, लाडू पाहिले, टोपडं घातलेला वरवंटा पाहिला. सिस्टरांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. आमच्या सिस्टर मिटलेली छत्री दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. आता यांची बदली होणार, हे हॉलमधल्या प्रत्येकाला भाषा न कळताही कळलं. तेवढ्यात आईने पुढे होऊन पाळण्याची दोरी त्या मोठ्या मदरांच्या हातात दिली. घरी वडीलधारं माणूस आलं की दोरीचा मान त्यांचा, एवढंच आईच्या डोक्यात होतं. मदरांनी दोरी ओढली. बाया गाऊ लागल्या. पाळणा संपला तरी मदर दोरी ओढतच होत्या, आणि त्या कुठे बघत होत्या ते सांगता आलं नसतं. जाताना त्या गव्हाणीपाशी थांबल्या. मरियेचा स्कार्फ एका कानावरून सरकला होता, तो त्यांनी नीट करून बांधला आणि गाडीत जाऊन बसल्या. बदलीचा कागद काही आला नाही.

त्याच संध्याकाळी मी सिस्टरांसोबत कडबा आवरत होतो. मी एकुलता एक. वर्गातली पोरं मला चिडवत, की याच्या लेकराला आत्याच नाही, म्हणजे याचं लेकरू बिननावाचं राहणार. चौथीतल्या मुलाला ही चिंता खरी वाटते. मी ती सिस्टरांना सांगितली. त्यांनी कडब्याची पेंढी खाली ठेवली.

"त्यात काय बे? मी हाय नं."

"खरंच?"

"खरंच. तू फक्त मले बोलाव."

मी कॉलेजात असताना त्यांची बदली झाली. सगळं गाव एसटी स्टँडवर जमलं होतं. नव्या मुख्याध्यापिकांनी झोपेच्या तासाला कॉम्प्युटर सुरू केला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. रुळाचा तुकडा अजून व्हरांड्यात आहे, बाबांचा बाकही आहे. बाबा मात्र आता नाहीत.

गेल्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. बायकोने नाव ठरवलं, ओवी. आई म्हणाली, चुलत बहिणीला बोलावू, ती सांगेल कानात, सगळे तसंच करतात. मी नाही म्हणालो. सिस्टर आता अमरावतीच्या पुढे, म्हाताऱ्या सिस्टरांसाठी असलेल्या एका घरात राहतात, हे मला माहीत होतं. तिथे फोन केला. एक तरुण सिस्टर बोलली. म्हणाली, भेटायला या, पण त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. आईने हे ऐकलं आणि माझ्यावर चिडली. ज्या बाईला काही आठवत नाही तिच्यासाठी पोरीला किती दिवस बिननावाची ठेवणार? मी म्हणालो, त्यांनी मला शब्द दिलाय. आई पुटपुटत आत गेली. सकाळी उठून पाहतो तर तिने हरभरे भिजत घातले होते.

वाटेत शेगावला दर्शन घेतलं. आईने सिस्टरांसाठी प्रसाद बांधून घेतला. बायको गाडीत एकदाच बोलली, की त्यांना जमलं नाही तर तू मनाला लावून घेऊ नकोस. मी हो म्हणालो, पण मनाला तर ते आधीच लागलं होतं.

सिस्टर व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या, पूर्वीपेक्षाही लहान झालेल्या. छत्री मिटून मांडीवर ठेवलेली. तरुण सिस्टर म्हणाली, जेवण झालं की झोपतात, आणि उठल्या की आम्हा सगळ्यांना स्वप्नं विचारतात. मी पुढे जाऊन नाव सांगितलं, गाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं. त्या माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशा सौजन्याने बघत राहिल्या. मग मी खाली बसलो आणि म्हणालो, "सिस्टर, मले एक सपन पडलं. लोणारचं सरोवर शायेत येऊन बसलं."

त्यांनी डोळे बारीक केले.

"पानी कोन्या रंगाचं होतं?"

"हिरवं."

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. मी ओळखू आलो होतो की सरोवर, ते मी विचारलं नाही.

पाळणा नव्हता. आईने आपली शाल झोळीसारखी धरायला लावली, एक टोक माझ्याकडे, एक त्या तरुण सिस्टरकडे. बायकोने बाळ आत ठेवलं. मी सिस्टरांना सांगितलं, मुलीचं नाव ओवी. त्यांनी मान हलवली आणि लगेच नाव काय म्हणून विचारलं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. आई हळू आवाजात पाळणा म्हणू लागली, तीच चाल. त्या चालीवर सिस्टर आपल्या आपण वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि 'कुर्र्र' केलं. आणि नाव सांगितलं.

ते ओवी नव्हतं. मी झोळीच्या टोकाशी होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. तिकडचं नाव होतं, मी कधी न ऐकलेलं. पलीकडच्या टोकाला तरुण सिस्टरने चमकून माझ्याकडे पाहिलं.

आईला ऐकू आलं नव्हतं. तिला फक्त 'कुर्र्र' ऐकू आलं, आणि तिने रिवाजाप्रमाणे सिस्टरांच्या पाठीवर हात टाकला, इतका हलका की धूळ झटकावी तसा. सिस्टरांनी वाकल्या वाकल्या मान वळवली.

"तुह्या हातात जोर नाई राह्यला बे," त्या म्हणाल्या.

आई तिथेच व्हरांड्यात बसून रडली. सिस्टर तिला एकेक करून घुगऱ्या भरवत होत्या.

निघताना तरुण सिस्टर गाडीपर्यंत आली. म्हणाली, केरळातून त्यांच्या भावाचा फोन येतो, तो त्यांना याच नावाने विचारतो. ते त्यांचं घरचं नाव, सिस्टर होण्याआधीचं. इथे ते कोणी घेत नाही, आणि त्यांनी स्वतः घेतलेलं तर आजच पहिल्यांदा ऐकलं. मी बायकोकडे पाहिलं. तिने बाळाला शालीत गुंडाळलं आणि गाडीत बसली. शेगाव आल्यावर ती पोरीचं टोपडं नीट करू लागली. मग म्हणाली, "कागदावर ओवीच लिहू. पण कानात जे सांगितलं, तेच खरं ना?"

ते नाव मी इथे लिहीत नाही. घरात मात्र ते दिवसभर ऐकू येतं. आई अंगणातून म्हणते, बायको स्वयंपाकघरातून म्हणते, संध्याकाळी दारातून मी म्हणतो. मागून कोणीही त्या नावाने हाक मारली, की आमची पोरगी खेळता खेळता वळून पाहते.